बायकांची गोळी

मांजरी,
३ मार्च २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानातलं नवीन यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तू ते काढून ठेवलंस, म्हणजे आता फोनवर माझं हॅलोसुद्धा तुला ऐकू यायचं नाही. बरंच झालं. जे सांगायचंय ते फोनवर तोंडातून निघालंच नसतं. मोबाइलवर लिहून धाडावं, तर माझा फोन भरला की रणजित तो घेऊन बसतो आणि काय पुसायचं, काय ठेवायचं ते वाचूनच ठरवतो. म्हणून हा कागद. वाचून झाला की फाड.

गेल्या श्रावणात माझ्या छातीतली डावीकडची गाठ काढली तेव्हा तू उशाशी होतीस, तेव्हा रोगाचं नाव तुला सांगायला नको. पुरुषालाही होतो का हा, असं तूच डॉक्टरांना विचारलंस आणि ते म्हणाले होते, शंभर बायकांमागे एखादा पुरुष सापडतो. गावात आपण हर्निया सांगितला. घरात बायडाला, रणजितला आणि सूनबाईला रोग ठाऊक आहे. पण गाठ काढली, शेक दिले, विषय संपला, असं त्यांना वाटतं. विषय संपलेला नाही. दिवाळीनंतर डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली आहे. रोज एक, पाच वर्षं.

माझी गाठ म्हणे बायकांच्या हार्मोनवर पोसलेली होती. ते पुरुषाच्या अंगातही थोडं असतं. ही गोळी त्याचा रस्ता अडवते. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा सोपं वाटलं. मग औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार चिठ्ठी वाचून म्हणाला, काका, मॅडमना सांगा रोज एकाच वेळेला घ्यायची. मी बरं म्हणालो आणि बाहेर पडलो. घरी येऊन बायडाला सांगितलं, रक्तदाबाची गोळी आहे.

आणि मग वाफा सुरू झाल्या. रोपवाटिकेत शेडनेटखाली उसाची रोपं बघत उभा असतो आणि छातीपासून टाळूपर्यंत कुणीतरी गुऱ्हाळाचं चुलाण पेटवतं. सदरा पिळून काढावा इतका घाम, आणि लगेच हुडहुडी. जानेवारीच्या थंडीत दौंडचा एक शेतकरी रोपं न्यायला आला होता, त्यानं मला धरून खाली बसवलं. त्याला वाटलं, माझं हृदय बंद पडतंय. रागही असाच येतो, कुठून येतो कळत नाही. आणि रडू. परवा मजुरीण बाईच्या हातून रोपांचा एक ट्रे पालथा झाला, तर माझ्या डोळ्यांत पाणी. मी तोंड फिरवून नळ सोडला.

रात्री अंथरूण भिजतं, म्हणून मी झोपायला रोपवाटिकेच्या ऑफिसात येतो. तुला हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की कुणाला तरी सांगायला हवं होतं. बायडाला कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला.

कळावे. माझ्यावर आहे तेवढाच लोभ राहू दे. एकदम वाढवलास तर लोकांना शंका येईल.

तुझा
सुखदेव


नारायण पेठ,
७ मार्च २०२५

चि. सुखदेव यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फाडलं. तू सांगितलंस म्हणून नव्हे. इतकी वर्षं मुलींना मराठी शिकवलं, सख्ख्या भावाचे ऱ्हस्वदीर्घ घरात ठेववेनात.

मला हसू आलं असं तुला वाटत असेल, तर नाही आलं. दुकानदाराला नुसतं बरं म्हणून बाहेर पडलास तिथे थोडं आलं. उरलेलं पत्र मी दोनदा वाचलं आणि यंत्र कानात घालून तळमजल्यावर गेले. तिथे एक डॉक्टरीणबाई राहतात, संध्याकाळी दवाखाना चालवतात. ओळखीचे एक गृहस्थ आहेत, असं सांगून मी त्यांना सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, अंगाची आग होणं, चिडणं, रडू येणं हे सगळं या गोळीचंच आहे, त्या गृहस्थांचा स्वभाव बिघडलेला नाही. (तुझा आधीपासूनच बिघडलेला आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.) मनानं गोळी बंद करायची नाही. ज्यांनी दिली त्यांना जाऊन त्रास सांगायचा, तो कमी करायला उपाय असतात.

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. या गोळीनं कधीकधी रक्ताची गुठळी होते. एका पायाला सूज आली, पोटरी दुखायला लागली किंवा दम लागला, तर घरी बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. हे नीट वाच. पुन्हा वाच.

शपथ घातलीस म्हणून मी गप्प बसते, पण हे मला पसंत नाही. बायडाला तू रक्तदाब म्हणून सांगितलंस. उद्या तिनं तुझं मीठ तोडलं तर माझ्याकडे तक्रार आणू नकोस. माणसानं खोटं तरी पथ्याचा विचार करून बोलावं.

तब्येत सांभाळ. बहिणीची आठवण ठेव, आणि तिचं ऐकायचीही सवय ठेव.

तुझी
मैनाअक्का


मांजरी,
१७ मार्च २०२५

ती. वन्संना बायडाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

माझं पत्र बघून तुम्ही दचकाल. मी कधी लिहीत न्हाई. पण फोनवर तुम्हाला ऐकू जाईना आन् मोठ्यानं बोलावं तर घरभर ऐकू जातंय.

वन्सं, हे बदललेत. दिवाळी झाल्यापासून ऑफिसात झोपतात. विचारलं तर म्हणतात, रात्री रोपांना पाणी सोडायचं असतंय. पाणी टायमरवर सुटतंय, मला काय म्हाईत न्हाई का? जेवताना ताटावरून मधीच उठून अंगणात जातात. धुण्यात रोज ह्यांच्या सदऱ्यांचा ढीग. परवा आपली सृष्टी खेळता खेळता ह्यांच्या पाठीवर चढली, तर नातीला झटकून दिलं. पोर रडली. मग हे गोठ्यामागं जाऊन पोरीपेक्षा जास्त रडले. मी भिंतीआडून बघितलं. मामंजी गेले तवाबी ह्यांच्या डोळ्यात पाणी न्हवतं आलं.

बीपीची गोळी चालू हाय म्हणले, म्हणून मी कालवणात मीठ कमी केलं. त्यावरनं ताट सरकवलं.

मला वाटतंय रोग परत आलाय आन् मला सांगत न्हाईत. मी समोर बसून विचारलं, तर म्हणाले, तुला काय करायचंय. वन्सं, मी बायको हाय ना? मला काय करायचंय म्हणजे काय? रणजितला सांगावं तर तो घाबराट, आधी बापालाच जाऊन विचारंल.

तुमच्याशी हे मनातलं बोलतात, मला ठाऊक हाय. काय बोलले असतील तर मला कळवा. वाईट असलं तरी कळवा. वाईटाला तोंड देता येतंय, हे असलं न्हाई देता येत.

उणंदुणं पोटात घाला आन् ह्या घरावरची माया हालू देऊ नका.

तुमची
बायडा


नारायण पेठ,
२० मार्च २०२५

चि. सौ. बायडास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून जीव कासावीस झाला. एक गोष्ट मी अगदी खात्रीनं सांगते: रोग परत आलेला नाही. मला कसं माहीत ते विचारू नकोस. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाचं मन काही दिवस थाऱ्यावर नसतं. तो तुझ्यावर रागावलेला नाही, एवढं माझ्या शब्दावर धरून चाल. थोडा धीर धर.

सुखदेवलाही मी लिहिते आहे. मीठ पूर्वीसारखं घाल.

सगळ्यांना माझी आठवण सांग, आणि माझ्यावरचा विश्वास थोडे दिवस उसना दे.

तुझी
मैनाअक्का


नारायण पेठ,
२० मार्च २०२५

सुखदेव,

आशीर्वाद वगैरे नंतर.

बायडाचं पत्र आलं आहे. तिला वाटतंय तू मरायला टेकला आहेस आणि तिच्यापासून लपवतो आहेस. तिनं मला सरळ विचारलं आणि मी आज माझ्या आयुष्यातलं सर्वांत गुळगुळीत पत्र तिला लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही. हे मिळेल त्या संध्याकाळी तिच्यासमोर बस आणि सांग. गोळी दाखव. ती सातवी शिकलेली आहे, तुझ्यामाझ्यापेक्षा तिला माणूस जास्त कळतो.

नाही सांगितलंस तर शपथ गेली खड्ड्यात. पाडवा होईपर्यंत वाट बघेन.

मैनाअक्का


मांजरी,
३१ मार्च २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र कसलं, छडीच होती. पाडवा काल झाला आणि मी बायडाला सांगितलेलं नाही. का नाही ते ऐक, मग काय ते ठरव.

मागच्या तपासणीला डॉक्टरांनी रणजितला बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं, घरात पतिपत्नीचं कसं चाललंय. मी म्हणालो, ठीक. ठीक काही नाही. तू वडीलधारी, तुझ्यापुढे हे लिहिताना मान वर होत नाही. या गोळीनं अंगातली ती ओढच विझली आहे. तेवढ्यावर भागलं असतं तर वयाकडे बोट दाखवलं असतं. पण नुसती ती ओढ नाही गेली. बायडा शेजारी येऊन बसली की मला पूर्वी बरं वाटायचं. आता धास्ती वाटते, की ही काहीतरी अपेक्षेनं बसली आहे आणि माझ्याजवळ द्यायला काही नाही. घामाचं निमित्त आहे अक्का. मी ऑफिसात झोपतो ते घामासाठी नाही.

आता हे बायकोसमोर बसून कोणत्या शब्दांत सांगायचं, ते तू मराठीची बाई म्हणून मला लिहून पाठव. मी पाठ करीन.

शुक्रवारी दुपारी आम्हा ऊस रोपवाटिकावाल्यांची बस कोईमतूरला निघते आहे. तिकडच्या रोपवाटिका बघायच्या आहेत, गटाचा म्होरक्या मी. जायला एक अख्खा दिवस आणि रात्र बसमध्ये. मला तर तेवढंच हवं आहे. आठवडाभर घरातल्या कुणाची नजर नको. परत आलो की सांगतो बायडाला. हे मात्र शपथेवर.

बाकी पिकं बरी आहेत. रोपांचे ट्रे उचलताना घसरलो होतो, तेव्हापासून डाव्या पोटरीत गोळे येतात, चपलेचा पट्टाही त्या पायाला घट्ट होतो. हे लगेच तुझ्या डॉक्टरीणबाईंना सांगायला जिना उतरू नकोस. मी घसरलो होतो, त्याचंच आहे. त्या उगाच माझी तिरडी बांधायला घेतील.

राग धर, पण लोभाला हात लावू नकोस.

तुझा
सुखदेव


मांजरी,
१ एप्रिल २०२५

ती. वन्संना बायडाचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आलं, लई आधार वाटला. तुम्ही म्हणालात तसा धीर धरला आन् देवानं ऐकलं बगा.

ह्यांचा डावा पाय आठवडाभर दुखतोय. पाडव्याला गुढी बांधायला स्टुलावर चढेनात, रणजितनं बांधली. मग मी पाय बघितला. पोटरी उजव्यापेक्षा मोठी झालीय, ताठ, जरा लाल, हात लावला तर तापलेली. ट्रे उचलताना घसरले म्हणले. मी म्हणाले, चोळून देते. आधी नको नको केलं, मग इतके दमले होते की गप पडून राहिले. तिळाचं तेल कोमट करून चांगला रगडून चोळला, वरनं विटकरीचा शेक दिला.

वन्सं, दिवाळीनंतर पहिल्यांदा ह्यांनी मला इतका वेळ जवळ बसू दिलं. बोलले न्हाईत, पण उठून जा असंबी म्हणाले न्हाईत. म्हणून आता रोज दिवेलागणीला तेलाची वाटी घेऊन ऑफिसात जाते. शुक्रवारी बस निघायची हाय, तोवर रोज चोळीन म्हणजे प्रवासात त्रास व्हायचा न्हाई. काल ऑफिसाच्या चार पायऱ्या चढताना दम लागला. म्हणाले, उन्हाचा हाय.

तुमचे उपकार हायेत. ही माया अशीच ऱ्हाऊ द्या.

तुमची
बायडा


मांजरी,
१३ एप्रिल २०२५

ती. वन्संना नमस्कार.

तुमची दोन पत्रं आली. हे कसे हायेत ते कळवते.

त्या शुक्रवारी तुम्ही गेटाशी रिक्षातनं उतरलात तवा बसपुढं नारळ फुटला होता आन् हे पायरीवर उभे होते. तुम्हाला तुमचा आवाज ऐकू येत न्हाई. पण सगळ्या बसला ऐकू गेला. छातीच्या कॅन्सरची गोळी चालू हाय, तिच्यानं रक्ताची गाठ होती, पायाला हात लावू नका, ह्याला बसमधी बसवू नका. अख्ख्या मांजरीतली माणसं खिडक्यातनं बघत होती. ह्यांचं तोंड असं झालं जसं कुणी चारचौघात अंगावरचं कापड ओढून घेतलं. ड्रायव्हरला म्हणाले, चला.

मी बसपुढं जाऊन उभी राहिले. मला काय म्हाईत न्हवतं, कुठली गोळी, कसली गाठ. तुमचं तोंड बघितलं आन् उभी राहिले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. हे खिडकीतनं मला ओरडले, बाजूला हो, तमाशा करू नको. मी म्हणाले, घाला माझ्यावरनं. मग त्यानं गाडी बंद केली. हे उतरले ते पायरीवरच खाली बसले, उठता येईना.

हॉस्पिटलात तुम्हाला आत येऊ दिलं न्हाई म्हणून तिथलं सांगते. पायाची सोनोग्राफी केली. शिरेत गाठ होती, पोटरीपासनं मांडीपर्यंत. त्यातला बारका तुकडा फुप्फुसात गेला होता, त्यानं दम लागत होता. डॉक्टर म्हणाले, दिवस-रात्र बसमधी बसले असते तर, आन् पुढचं बोललेच न्हाईत. मग विचारलं, पायाला काय केलं होतं का. मी सांगितलं, मी रोज रगडून चोळला, शेक दिला. डॉक्टर चांगला माणूस हाय. नुसतं म्हणाले, आता चोळू नका.

वन्सं, तुम्हाला महिनाभर म्हाईत होतं. मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही लिहिलं, धीर धर. मी धीर धरला आन् रोज ती गाठ चोळली. मला वाटलं नवरा परत मिळतोय, आन् मी त्याला मारत होते. ते वाचले म्हणून मला हे लिहिता येतंय.

रक्त पातळ करायची औषधं चालू हायेत. आता घरात झोपतात, कारण डॉक्टरांनी नजरेसमोर ठेवा म्हणून सांगितलंय. आमचं बोलणं न्हाई.

लोभाचं लिहीत न्हाई. खोटं लिहायचं न्हाई असं ठरवलंय.

बायडा


नारायण पेठ,
१९ एप्रिल २०२५

चि. सौ. बायडास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. त्यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही.

त्या शुक्रवारी सकाळी तुम्हा दोघांची पत्रं एकाच टपालात आली. त्याच्या पत्रात पोटरी होती. तुझ्या पत्रात चोळणं आणि दम लागणं वाचलं आणि तशीच जिना उतरले. डॉक्टरीणबाईंनी रणजितला फोन लावून बघितला, लागला नाही. मग रिक्षा केली. हडपसरच्या गर्दीत अडकले होते तेव्हा सारखं मनात येत होतं, की मी भावाचा शब्द राखला आणि भाऊ घालवला. तुझ्या हातानं झालं ते अजाणता झालं. मला सगळं ठाऊक होतं. हा भार तू उचलू नकोस, तो माझा आहे.

बसपुढे तू उभी राहिलीस. मी फक्त ओरडले.

मनात येईल तेव्हा लिही. नाही आलं तर तेही समजेन. तुझ्या दारात यायला मी वाट बघेन, बोलावल्याशिवाय येणार नाही.

तुझी
मैनाअक्का


मांजरी,
१२ मे २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

जिवंत आहे. तुझ्या ओरडण्यानं वाचलो आणि तुझ्या ओरडण्यानंच गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, तेव्हा आभार आणि राग दोन्ही समजून घे. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. मग एकेक जण येऊन पायाची चौकशी करून गेला. छातीकडे बघायचं नाही असं ठरवून आल्यामुळे सगळे छातीकडेच बघत होते.

पायाची सूज उतरते आहे. ती गोळी डॉक्टरांनी कायमची बंद केली. मला वाटलं, सुटलो. तर परवा त्यांनी दुसरा रस्ता सांगितला. दर महिन्याला पोटात एक इंजेक्शन, आणि जोडीला वेगळी गोळी. यात गुठळीची भीती पहिल्यापेक्षा बरीच कमी. पण इंजेक्शननं पुरुषाचं हार्मोन बनणंच थांबतं. वाफा येतील, सांधे धरतील, हाडं ठिसूळ होऊ शकतात, आणि जे विझलं आहे ते विझलेलंच राहील. मी तिथेच म्हणालो, नको. मरायचं तर पुरुष म्हणून मरू द्या.

बायडा शेजारी होती. घरी आल्यापासून ती माझ्याशी औषधापुरतं बोलत होती. तिनं पदर सावरला आणि डॉक्टरांना विचारायला सुरुवात केली. घाम किती दिवस येईल, राग येतो तो त्यांचा की औषधाचा, रडू आलं तर रडू द्यावं का. आणि मग तोही प्रश्न, ज्यासाठी मी सगळा हिवाळा ऑफिसात काढला. घरच्या गाईची चौकशी करावी तशा साध्या आवाजात विचारला. डॉक्टरांनी तितकंच साधं उत्तर दिलं, आणि नवराबायकोनं एकत्र येऊन बोलावं अशी एक समुपदेशक बाई तिथे असते, तिचं नाव दिलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

बाहेर आल्यावर बाकावर बसलो तेव्हा बायडा म्हणाली, तुम्ही पुरुष म्हणून मेलात तर मला विधवा म्हणून जगावं लागंल, ते मला विचारलंत का? ती म्हणाली, मला तुमच्याकडून काय हवं होतं ते तुम्हीच ठरवलंत आन् तेवढ्यासाठी मला बाहेर ठेवलंत. मग तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ती रडली. ती रडली म्हणून मीही. यात गोळीचा हात नव्हता, ती तर बंद झाली आहे.

पहिलं इंजेक्शन उद्या आहे. जाईन की नाही, खरंच सांगता येत नाही. बायडा आग्रह करत नाही. तिनं फक्त माझा धुतलेला सदरा काढून ठेवला आहे आणि स्वतःचं लुगडंही. तिचं न बोलणं मला डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जड जातंय.

देवापुढे दिवा लावशील तेव्हा माझं नाव घे. अंतर देऊ नकोस.

तुझा
सुखदेव


मांजरी,
२९ जून २०२५

ती. वन्संना बायडाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

लई दिवस लिहिलं न्हाई. राग होता. आता बराच उतरलाय, सगळा उतरला म्हणाले तर खोटं होईल.

हे त्या दिवशी गेले. मी काय बोलले न्हाई. सकाळी उठून हेच गाडीत जाऊन बसले, आन् म्हणाले, चल. आता दुसरं इंजेक्शनबी झालं. वाफा येतात. सकाळी उठल्यावर बोटं धरतात, तवा कोमट पाण्यात बुडवून बसतात. पायाला घट्ट मोजा घालतात, तो चढवताना मला शिव्या देतात. डॉक्टर म्हणाले, गाठ बरीच विरघळलीय. पुढचं पुढं बघायचं.

दुसऱ्या खेपेची गंमत सांगते. हॉस्पिटलात आमच्या रांगेत सगळ्या बायका. एकीनं मला बघून जागा दिली, म्हणाली, बसा ताई, तुमचा कितवा डोस? हे उभेच होते. मला वाटलं आता बाहेर निघून जातील. तर म्हणाले, आजारी मी हाय, बसू का? आन् बसले. ती बाई नारायण पेठेतलीच, दीपमाला म्हणून, बँकेत हाय. तिनं ह्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आन् म्हणाली, अरे वा, म्हणजे आता पुरुषांनाही आरक्षण. हे हसले. वन्सं, मी ह्यांना हसताना किती महिन्यांनी बघितलं.

मग त्यांचं जे सुरू झालं ते नंबर येईपर्यंत. कुणाला कधी वाफ येती, कोण उशाला ओला पंचा ठेवतंय, कुणाच्या सुनेला राग येतोय. पलीकडं एक तरणी पोरगी बसली होती. हळूच म्हणाली, मी आपल्या मनानं गोळी बंद केलीय, आज डॉक्टरांना कसं सांगू. हे म्हणाले, बाळा, मी सांगितलं न्हाई त्यानं माझी कशी गत झाली ते ऐक. आन् पाय, बस, मी, तुम्ही, सगळं सांगितलं. त्या पोरीला आपल्या आधी आत पाठवलं.

तवापासून त्या बायकांचे ह्यांना फोन येतात. दुपारी जेवणं झाली की ह्यांची शाळा भरती. सूनबाई शेफाली हसती. मी बोलू देते.

परवा दीपमालाबाईंचा फोन होता. मी चहा घेऊन ऑफिसाच्या दारात आले तर हे बोलत होते. त्यांनी विचारलं असावं, तुम्हाला भीती कशाची वाटते. हे म्हणाले, मरणाची वाटत होती, ती कमी झाली. आता एकच वाटते, की आपलं माणूस जवळ येऊन बसेल, हात धरेल, आन् आपल्या अंगाला त्याचं काहीच कळायचं न्हाई. मी तिथंच थांबले. मला हे कधीच बोलले नसते. परक्या बाईला बोलले म्हणून आधी वाईट वाटलं. मग वाटलं, कुठं का होईना, बोलले.

श्रावणात चार दिवस ऱ्हायला या. मी बोलावतेय. लोभ हाय, आन् हे लिहायचं म्हणून लिहिलेलं न्हाई.

तुमची
बायडा

ता. क. हे लिहू का नको असं झालं होतं. फोन ठेवल्यावर मी आत गेले. ह्यांना वाफ आली होती, मान घामानं डबडबलेली. मी चहा बाजूला ठेवला आन् मानेवर हात ठेवला. भांडी घासून आले होते, ओलाच होता. हे दचकले न्हाईत. मला वाटलं झटकतील. थोड्या वेळानं डोळे मिटूनच म्हणाले, गार हाय हात तुझा, काढू नको. चहा निवला. तो कुणीच प्यायला न्हाई.